दर चार तासांनी

सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री निजताना. माझ्या दिवसाचे हे ठरलेले थांबे. त्या वेळी मी ऑफिसात असो, लग्नाच्या हॉलमध्ये असो की शेगावच्या गाडीत, मला एक बऱ्यापैकी स्वच्छ संडास, हात धुवायला पाणी आणि दाराला नीट लागणारी कडी हवी असते. पर्समधल्या डबीत एक नळी असते. ती मूत्राशयात सारायची, लघवी काढायची, नळी साबणाने धुवायची, पुसून परत डबीत. पाच-सात मिनिटांचं काम. शाळेत असल्यापासून मी हे करते आहे आणि ऑफिसातल्या एकालाही ते माहीत नाही.

१९८४ साली मी नागपुरात जन्मले ती कमरेजवळ पातळ पापुद्र्याची एक गाठ घेऊन. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. माझी खालच्या बाजूला उघडी राहिली. याला स्पायना बायफिडा म्हणतात. त्या उघड्या जागेच्या खाली ज्या नसा जातात त्यांची कामं अर्धवट राहिली: पोटऱ्या, पावलं, मूत्राशय, आतड्याचं शेवटचं टोक. डोक्यात पाणी साचू नये म्हणून कवटीपासून पोटापर्यंत कातडीखालून शंट, म्हणजे एक बारीक नळी, घातलेला आहे. कानामागे बोट फिरवलं की हाताला लागतो. लोकांना यातले पायच तेवढे दिसतात. दोन्ही पायांत प्लास्टिकचे स्प्लिंट घालून मी थोडी डुलत चालते. त्यामुळे माझी तब्येत म्हणजे माझे पाय, असा सगळ्यांचा समज आहे, आणि हा समज मीच पोसून मोठा केला आहे.

दहा वाजता जागेवरून उठायचं तर काहीतरी सांगावं लागतं. मी म्हणते, 'पाय आखडला, जरा फेरी मारून येते.' सगळे समजुतीने मान हलवतात. कोणी दार उघडून धरतं. पायाला सहानुभूती मिळते. लघवीचं नाव काढलं तर काय मिळेल ते मला शाळेतच कळलं होतं. म्हणून जे दिसतं ते पुढे करून न दिसणारं मी झाकते. यात फसवणूक कोणाची होते, असं मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर लवकर येत नाही. ऑफिसची होत नाही. कामात मी चोख आहे. आणि आपल्या लघवीची दवंडी कोण पिटतं? झाकून ठेवायच्या चार गोष्टी प्रत्येकाकडे असतात. हे सगळं खरंच आहे. पण या झाकण्याची किंमत मी किडनीत मोजते, हेही तितकंच खरं. मीटिंग लांबली की 'मला बाहेर जायचंय' म्हणायला जीभ उचलत नाही. दोनचे साडेतीन होतात. भरलेल्या मूत्राशयातला दाब चढतो, लघवी वर किडनीकडे उलटी ढकलली जाते, आणि मला काहीच दुखत नाही. दुखलं असतं तर मी केव्हाच उठले असते.

उन्हाळ्यात हा हिशेब आणखी बिघडतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत माझ्यासारखीने भरपूर पाणी प्यायला हवं, नाहीतर जंतूंना आयतं फावतं. पण बाहेर जायचं असेल त्या दिवशी मी सकाळपासून घोट घोटच पिते, कारण आत गेलेलं पाणी बाहेर काढायची सोय वाटेत कुठे आहे ते मला आधी ठरवावं लागतं. बर्डीवर खरेदीला जायचं तर पूर्वी मी तहानलेलीच जायची. २०१९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा लोकांनी तिच्या वेगाचं आणि एसीचं कौतुक केलं. मला कौतुक होतं ते स्टेशनावरच्या अपंगांसाठीच्या संडासाचं आणि तिथवर नेणाऱ्या लिफ्टचं. आजही माझ्या डोक्यातला शहराचा नकाशा दुकानांचा नाही. कोणत्या ठिकाणी आत बसून सुखाने दार लावता येतं, त्या जागांचा आहे.

मी जिवंत आहे ती दोन साध्या युक्त्यांमुळे, आणि त्या युक्त्यांकडे मी कृतज्ञतेने बघते. शंट घालायची कल्पना जुनी होती, पण नळी तुंबायची. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका तंत्रज्ञाने तिच्यासाठी चालेल अशी झडप बनवली. त्याचा स्वतःचा मुलगा स्पायना बायफिडा घेऊन जन्मलेला होता, डोक्यात पाणी साचत होतं, आणि कारखान्यात यंत्रं हाताळणाऱ्या बापाला वाटलं, हे तर झडपेचं काम आहे. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय यांनी परवडणारा देशी शंट तयार केला. दुसरी युक्ती नळीची. मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली दाखवून दिलं की मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं होत असेल तर नळी दर वेळी निर्जंतुक असायची गरज नाही, धुतलेली असली की पुरे. तोवर ऑपरेशन थिएटरातलं समजलं जाणारं काम त्यांनी घरच्या न्हाणीघरात आणून ठेवलं. त्याआधी माझ्यासारखी माणसं मोठेपणी किडन्या निकामी होऊन जायची.

याच काळातली आणखी एक हकीकत आहे. ती वाचताना माझ्या मनात जे आलं ते मला आजही टोचतं. इंग्लंडमध्ये शेफील्डला जॉन लॉर्बर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. सुरुवातीला तिथे सगळ्याच बाळांवर ऑपरेशन व्हायचं. १९७१ साली लॉर्बर यांनी शेकडो मुलांचा आढावा घेऊन निकष मांडले: पायांचा लकवा फार असेल, डोकं फार मोठं झालेलं असेल, कण्याला कुबड असेल, गाठ वरच्या भागात असेल, दुसरे मोठे दोष असतील, तर ऑपरेशन करू नये. म्हणजे त्या बाळाला जाऊ द्यावं. त्याच गावातले शल्यविशारद झॅकरी यांना हे मान्य नव्हतं. वाद पुष्कळ झाला, पण निकष जगभर वापरले गेले.

ही यादी वाचताना मी काय केलं? मी स्वतःला तपासलं. माझी गाठ खालची, पाय थोडेबहुत हलणारे, कणा सरळ. मी पास. आणि मला हायसं वाटलं! क्षणभरच, पण वाटलं. वर्गात वरचा नंबर आल्यासारखं. ज्या यादीचा मला संताप यायला हवा होता तिच्यात मी माझी जागा शोधत होते. मग लक्षात आलं की हे मी आयुष्यभर करत आले आहे. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांमध्ये गेले की 'मी चालते' हे माझ्या पाठीत ताठपणे दिसतं. ज्यांची बुद्धी मंद राहिली त्यांच्या पालकांशी बोलताना माझ्या एम. कॉम.चा उल्लेख कुठून तरी निघतोच. आम्ही सगळे एकाच नावेतले, असं मी भाषणात म्हणते. मनात मात्र मी एक रेघ मारून ठेवलेली असते आणि तिच्या अलीकडे उभी असते. लॉर्बर यांनी निदान ती कागदावर मांडली.

ज्यांच्यात निवड झाली नाही, सगळ्यांवरच उपचार झाले, अशा मुलांचं पुढे काय झालं याचा अभ्यास केंब्रिजला झाला. १९६३ पासून पुढच्या काही वर्षांत जन्मलेली ११७ मुलं. पस्तिशीला पोचेपर्यंत त्यांतली ५४ उरली होती. हा आकडा बघून कोणीही घाबरेल. मला जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्या गोष्टीने: मोठेपणी जे गेले त्यांतले बरेच अचानक गेले. शंट बंद पडला आणि ओळखला नाही गेला, किडनीतला जंतुसंसर्ग वेळेत कळला नाही, फिट आली. टाळता येण्याजोगं मरण. बाळपणी इतके हात लागले आणि मोठेपणी बघायला कोणी नव्हतं.

मोठेपणी बघायला कोणी नसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. मी अजून लहान मुलांच्या सर्जनकडेच जाते. त्यांच्या खोलीबाहेर भिंतीवर कार्टून आहेत, बाकावर शेजारी आईच्या मांडीवरची बाळं आहेत आणि मध्ये केस पिकलेली मी. एखादं लेकरू विचारतं, 'तुझं बाळ कुठाय?' डॉक्टर सांभाळून घेतात, पण त्यांनाही आता निवृत्तीचे वेध लागलेत. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे गेलं की मी तुकड्यातुकड्यांत विभागली जाते. डोक्याचा डॉक्टर शंटपुरतं बघतो, लघवीचा डॉक्टर लघवीपुरतं. पायाची जखम तिसरीकडे. पाठीत कळ येऊन पाय आणखी लुळा पडू लागला तर मज्जारज्जू खाली चिकटून ताणला जातोय का, हे तपासावं लागतं. ते या तिघांपैकी कोणाच्या वाट्याला येतं? दाताच्या डॉक्टरकडे मला आधी सांगावं लागतं की रबरी हातमोजे चालणार नाहीत, कारण लहानपणापासूनच्या ऑपरेशनांमुळे आमच्यापैकी पुष्कळांना लॅटेक्सची ॲलर्जी होते. एका ठिकाणी रक्ताचा रिपोर्ट बघून मला शाबासकी मिळाली: क्रिएटिनिन एकदम नॉर्मल. पायांत स्नायूच कमी असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन किडनी बिघडली तरी बराच काळ चांगलं दिसू शकतं, हे मी वाचलं होतं. त्यापेक्षा सिस्टॅटिन सी नावाची तपासणी भरवशाची. ती मी मागितली का? नाही मागितली. शाबासकी घेऊन घरी आले. दोन दिवस तो रिपोर्ट मी सगळ्यांना दाखवला.

मुंबईत डॉ. संतोष करमरकर यांच्यासारख्या बालशल्यविशारदांनी स्पायना बायफिडा फाउंडेशन उभं केलं. एका छताखाली सगळे डॉक्टर, पालकांची गाठभेट, असं काहीतरी तिकडे घडलं. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स झालं. आठवड्यातून एक दुपार आमच्यासारख्या मोठ्यांसाठी राखून ठेवायला इमारत नवी बांधावी लागणार नाही. हे मी कुठे लिहून दिलं आहे का? एकदाही नाही. कारण लिहून द्यायचं तर खाली सही करावी लागेल, आणि सहीच्या वर मूत्राशय, आतडं हे शब्द लिहावे लागतील. दाखल्यावर माझं अपंगत्व 'अस्थिव्यंग' आहे. मी नोकरीला लागले तेव्हा १९९५ चा कायदा होता आणि तीन टक्क्यांचा कोटा. २०१६ च्या कायद्याने तो चार टक्के केला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. त्यांत आमचं नाव वेगळं नाही. दाखला देताना माझे पाय मोजले, उरलेलं कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दोघांचीही सोय झाली.

पायांवरून आठवलं. टेकडी गणपतीला संकष्टीला जायची आमची घरची रीत. दोनेक वर्षांपूर्वी वैशाखात गेले. दुपार टळली होती, पण फरशी अजून तापलेली होती. आई म्हणाली, मोजे राहू दे. मी काढले. भक्तीने काढले असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल, पण रांगेत मागच्या बाईने माझ्या पायांकडे पाहिलं होतं म्हणून काढले. माझ्या तळव्यांना ऊन, काटा, खडा काही कळत नाही. दर्शन झालं, प्रसाद झाला, घरी आलो. रात्री पाय बघायचा माझा नेम आहे: पलंगावर बसायचं, हातआरसा तळव्याखाली धरायचा, एकेक बोट फाकवून बघायचं. त्या रात्री उजव्या तळव्यावर टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत फोड होता, आतलं पाणी आरशात हलताना दिसत होतं. डाव्या पायाला दोन लहान. मला काहीही जाणवत नव्हतं. आपलाच पाय आपल्याला परक्याच्या पायासारखा दिसतो, त्या वेळचं वाटणं मला अजून नीट सांगता येत नाही. भीतीपेक्षा ते ओशाळेपणाच्या जवळचं असतं. जखम भरायला पोळा उजाडला. तोवर रोज ड्रेसिंग, बिनपगारी रजा, आणि आईचं तेच एक वाक्य, जे ती मोठ्याने म्हणत नव्हती.

आता आईचं. हे लिहायचं मी लांबणीवर टाकत होते.

तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, माझा एकदा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पाहुण्यांनी माझ्या स्वावलंबनाचं तोंड भरून कौतुक केलं: स्वतः कमावते, स्वतः गाडी चालवते, कोणावर अवलंबून नाही. मी हात जोडून ऐकलं. तिसऱ्या रांगेत आई बसली होती, मांडीवर माझी पिशवी. त्या पिशवीत जादा कपडे, पॅड, नळीची दुसरी डबी, ओला टॉवेल. मी शाळेत होते तेव्हा ही बाई रोज मधल्या सुट्टीत सायकलने शाळेत यायची, मला शिक्षकांच्या न्हाणीघरात नेऊन नळी घालायची आणि परत जायची. अकराव्या-बाराव्या वर्षी मी ते स्वतः शिकले. आतड्याचं काम त्याहून अवघड. एक दिवसाआड एनिमा, तास-दीड तास न्हाणीघरात, नाहीतर भलत्या वेळी भलतीकडे फजिती. कोमट पाणी किती, मीठ किती, जेवण किती वाजता झालं, याचा ताळा आजही आईच्या डोक्यात असतो. रात्री कधी चादर खराब झाली तर भाऊ उठायच्या आत ती धुऊन वाळत पडलेली असायची. माझी अब्रू तिने पहाटे पाचला उठून राखली. आणि व्यासपीठावर माझ्या स्वावलंबनाची फुलं मी घेतली.

मी तेव्हा माईक घेऊन काही बोलायला हवं होतं, असं मला वाटतं का? खरं सांगायचं तर नाही. आईलाच ते आवडलं नसतं. माझा प्रश्न वेगळा आहे. स्वावलंबन हा शब्द मी स्वतःशी बोलताना कसा वापरते? रात्री पडल्या पडल्या माझ्या आयुष्याचा हिशेब मांडते तेव्हा त्यात आईचे तास धरते की नाही? बरेचदा धरत नाही. ते पंख्याच्या वाऱ्यासारखे गृहीत असतात. आई आता सत्तरीकडे झुकली. तिचा गुडघा माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतो. आईनंतर कोण, हा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा मला राग येतो, कारण त्यांना वाटतं मला उचलणारं-ठेवणारं माणूस लागेल. ते नकोच आहे. लागेल ते ओळखणारं माणूस. माझं डोकं दुखतंय हे उन्हाने की शंट तुंबल्याने, हे आई फोनवरच्या माझ्या 'हॅलो'वरून सांगते. 'आवाज जड येऊन राहिला तुझा, उलटी झाली का?' हे ज्ञान कोणत्याही फाइलमध्ये नाही. मी ते लिहायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्याच आजाराबद्दल मला आईहून कमी माहिती आहे.

लग्नाचं थोडक्यात सांगते. दोन-तीन स्थळं आली, पाय चालतील म्हणाली. पुढचं सांगायची वेळ आली तेव्हा मीच नकार कळवला. समोरच्याला नाही म्हणायची संधी मी दिली नाही. त्याला मी बरीच वर्षं बाणा समजत होते.

आणि आता सगळ्यात अवघड. माझे ते जुने डॉक्टर अधूनमधून एखादं जोडपं माझ्याकडे पाठवतात. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोष दिसलेला असतो. बाईच्या हातात रिपोर्टचं पाकीट असतं, ते ती खाली ठेवत नाही. २०२१ मध्ये कायदा बदलल्यापासून अशा गर्भाच्या बाबतीत चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. म्हणजे त्यांच्यापुढे खरोखर दोन वाटा असतात, आणि दिवस थोडे. डॉक्टरांचा हेतू चांगला आहे: कागदावरचा दोष बघण्यापेक्षा त्या दोषासह जगणारं माणूस बघा. मी त्यांना चहा करून देते. उठून चालून दाखवते म्हटलं तरी चालेल. नोकरी, गाडी, गेल्या वर्षी भावाच्या मुलांबरोबर ताडोबाला गेले त्याचे फोटो. नवरा पहिला प्रश्न हमखास विचारतो, 'चालता येईल ना?' मी म्हणते, बघा ना, मी चालते.

हे उत्तर खोटं नाही. पण मी कोणत्या बाजूने बोलते आहे, हे मला त्या वेळी ठाऊक असतं. त्यांनी ते मूल ठेवलं तर माझं जगणं बरोबर ठरतं. नाही ठेवलं तर कोणीतरी माझ्याच जन्मावर फुली मारल्यासारखं वाटतं. म्हणजे त्यांच्या संकटात मी माझा कौल मागत असते. त्या बाईच्या पोटातलं मूल मी नाही. त्याची गाठ कदाचित वरची असेल, डोक्यात पाणी जास्त असेल. आणि तिच्या घरात माझी आई नाही.

दुसऱ्या टोकाला फॉलिक ॲसिड. भावजयीला दिवस जायच्या आधीपासून मी गोळी सुरू करायला लावली; ऑफिसात कोणाचं लग्न ठरलं की मी तिला बाजूला घेऊन सांगते. दररोज ४०० मायक्रोग्रॅम. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा निष्कर्ष आला की आधी असं मूल झालेल्या बायकांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. अमेरिकेने १९९८ पासून पिठातच ते मिसळणं सक्तीचं केलं. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सगळ्या देशांना अन्न समृद्ध करायला सांगितलं. आपल्याकडे अडचण साधी आहे: बाई नाव नोंदवायला दवाखान्यात जाते तेव्हा दोन-अडीच महिने झालेले असतात, आणि गर्भाच्या पाठीची ती नळी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटून तरी गेलेली असते किंवा उघडी तरी राहिलेली असते. त्यात आपल्याकडे बी-१२ कमी; पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं ते सांगत आहेत, आणि बी-१२ कमी असलं तरी हा धोका वाढतो. रेशनच्या तांदळात मध्यंतरी लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असलेले दाणे मिसळायला लागले. आमच्या मोलकरणीने ते प्लास्टिकचे म्हणून निवडून फेकले होते. मी तिच्यासमोर ते खाऊन दाखवले.

मग गोळीचा प्रचार करणारी मी आणि जोडप्यांपुढे चालून दाखवणारी मी, या दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देऊ शकतात का? कोणी मला विचारलं नाही, पण मी स्वतःला विचारते: तुझ्या आईला १९८३ साली ही गोळी मिळाली असती तर? ती मुलगी तूच असतीस, फक्त धावणारी? की दुसरीच कोणी? यावर मी खूप विचार केला आहे आणि दर वेळी त्याच जागी अडकते. एवढं मात्र मला समजतं की पाठीची नळी मिटावी असं वाटणं आणि उघडी राहिलेल्या मुलाला जगू द्यावं असं वाटणं, यांत मला भांडण दिसत नाही. भांडण दिसतं ते दुसरीकडे: गोळीवर भाषण देणारे सगळे आहेत, पंचविशी ओलांडलेल्याच्या किडनीवर बोलणारं कोणी नाही. आणि त्या कोणी नाहीमध्ये मीही आहे.

गेल्या दिवाळीनंतर आलेल्या जोडप्याला मी पहिल्यांदा क्रम बदलून सांगितलं. नवऱ्याने चालण्याचं विचारलं. मी म्हटलं, ते शेवटी बोलू, आधी लघवीचं ऐका. पर्समधली डबी काढून नळी दाखवली. कपाळावर आठी घालून तो बघत राहिला. बाईने हात पुढे केला आणि नळी बोटांत धरून पाहिली, किती मऊ आहे ते. दर चार तासांनी, आयुष्यभर, म्हटलं. मग एनिमाचं. मग शंट, आणि तो तुंबला की काय होतं. वर्षातून एकदा सोनोग्राफी, मूत्राशयाच्या दाबाची तपासणी. तळव्याचा फोटो मोबाईलमध्ये होता तो दाखवला. महिन्याला नळ्या, पॅड, औषधं यांना काय लागतं ते नवऱ्याने विचारलं आणि मागच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. त्यानंतर मी ताडोबाचे फोटो काढले. ते दाखवताना मला नेहमीपेक्षा बरं वाटलं, कारण या वेळी ते पुरावा म्हणून दाखवत नव्हते. बाई एका फोटोवर थांबून म्हणाली, 'यात तुम्ही दोनचं कुठे केलं?' मी म्हटलं, मोहर्लीच्या गेटपाशी. तिने मान डोलावली.

ती दोघं गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, सर, पुढच्या वेळी कोणाला पाठवाल तर माझी आईही बसेल बोलायला. निम्मी माहिती तिच्याकडे आहे. ते हसले, हो म्हणाले. आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिला कल्पना फारशी पसंत पडली नाही.

'मी काय सांगू त्यांना?' ती म्हणाली. 'मी तर पहिले विचारीन, घरात माणसं किती आहात तुम्ही.'